मोठा मासा आणि पाण्याचे दार

मासेमारीच्या गोष्टींत गळाला लागून निसटलेला मासा हा पकडलेल्या माशाहून नेहमीच मोठा असतो. ही थट्टा कोकणातील खाडीकाठी जशी चालते, तशीच ती अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या ओकलंड शहरातही चालते. त्या शहराच्या मध्यभागी लेक मेरिट नावाचे खाऱ्या पाण्याचे तळे आहे. सभोवार उंच इमारती, काठाने वाहनांची वर्दळ आणि मधल्या उथळ पाण्यात क्वचितच दर्शन देणारा हातभर लांबीचा मासा! त्या माशासाठी हौशी लोक पहाटे गळ घेऊन काठावर उभे राहतात आणि पुष्कळदा रिकाम्या हातांनी घरी परततात. शेतकरी बंधूंना व ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांना ह्या दूरच्या तळ्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, मोठा मासा का येतो, का येत नाही आणि का मरतो, ह्या तिन्ही प्रश्नांचा उलगडा त्या तळ्याच्या इतिहासात झालेला आहे. आणि तो आपल्या खारभूमीलाही तंतोतंत लागू पडतो.

लेक मेरिट हे मुळात तळे नव्हे. सॅन फ्रान्सिस्को उपसागराचा एक फाटा तेथे जमिनीत शिरलेला होता. भरतीला तो भरे व ओहोटीला चिखल उघडा पडे. वाढत्या शहराचे सांडपाणीही त्यातच येई. १८६९ साली सॅम्युएल मेरिट ह्या नगराध्यक्षांच्या पुढाकाराने त्या फाट्याच्या मुखाशी बांध घालण्यात आला आणि चिखलाच्या जागी सुमारे दीडशे एकरांचे तळे उभे राहिले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७० साली, राज्याच्या कायद्याने ते पाणपक्ष्यांचे अभयस्थान ठरले. पक्ष्यांना अभय मिळाले, तळ्याला शोभा आली. परंतु बांधामुळे समुद्राचा व तळ्याचा पूर्वीचा मोकळा संबंध राहिला नाही. पुढे त्या मुखावर रस्ते झाले आणि भरतीच्या पाण्याला अरुंद मोऱ्यांतून वाट काढावी लागली. जेथे पाण्याची ये-जा आखडते, तेथे माशांची ये-जाही आखडते, हे सांगावयास नकोच.

तळ्यात ज्या माशाची सर्वांना ओढ असते तो पट्टेरी बास होय. रुपेरी अंगावर काळ्या रेघा असलेला हा मासा मूळचा त्या किनाऱ्यावरचा नव्हे. १८७९ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यू जर्सी राज्यातून आगगाडीने आणलेली अवघी १३२ पिल्ले ह्या उपसागराच्या वरच्या भागात सोडण्यात आली. वीस वर्षांच्या आत त्यांचा एवढा विस्तार झाला की, बाजारात वर्षाकाठी दहा लाख पौंडांहून अधिक मासा येऊ लागला. मात्र हा मासा तळ्यात अंडी घालीत नाही. वसंत ऋतूत तो मोठ्या नद्यांत चढतो आणि तेथील वाहत्या गोड्या पाण्यात त्याची वीण होते. तळ्यात तो येतो तो केवळ पाहुणा म्हणून. भरतीबरोबर आत शिरणाऱ्या लहान मासळीच्या मागे. तळ्याच्या तोंडाशी प्रवाह वाहू लागला की तो कडेला दबा धरून राहतो आणि प्रवाहात सापडलेले लहान मासे व कोळंबी टिपतो.

म्हणून जाणता गळकरी माशाच्या आधी पाण्याचा अभ्यास करतो. भरती केव्हा लागली, प्रवाह केव्हा फिरला, लहान मासळी कोठे गोळा झाली, पाण्याचा रंग काल काय होता व आज काय आहे, हे तो पाहतो. उन्हे वर आली की तो निघून जातो, कारण मोठा मासा भर उजेडात उथळ पाण्यात फार वेळ थांबत नाही. ह्या चिकाटीला केवळ रिकामटेकड्याचा छंद म्हणणे योग्य होणार नाही. पाण्यावर रोज नजर ठेवणारा असा माणूस हा त्या पाण्याचा बिनपगारी राखणदारच असतो.

मोठे मासे कमी झाले म्हणजे दोन उपाय सर्वत्र सुचविले जातात. एक म्हणजे बाहेरून पिल्ले आणून सोडावीत. दुसरा म्हणजे गळ व जाळी सरसकट बंद करावीत. दोन्ही उपाय आपापल्या जागी उपयोगी असतील, परंतु ते पहिले उपाय नव्हेत. जो मासा पाहुणा म्हणून येतो त्याच्यासाठी प्रथम दार उघडे हवे आणि घरात श्वास घेण्याजोगी हवा हवी. ओकलंडच्या नागरिकांनी हे ओळखले. २००२ साली त्यांनी मतदान करून सुमारे १९ कोटी ८० लाख डॉलरांचे कर्ज उभारण्यास मान्यता दिली. त्या निधीतून पुढे तळ्याच्या मुखावरील जुना रस्ता व अरुंद मोऱ्या काढण्यात आल्या, आणि २०१३ साली तेथे सुमारे १०० फूट रुंदीचा उघडा प्रवाह सुरू झाला. भरतीचे पाणी पूर्वीपेक्षा मोकळेपणाने खेळू लागले.

येथेच ही कथा संपली असती तर ती फार सोपी झाली असती. परंतु ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस त्याच तळ्याच्या काठाला मेलेल्या माशांचा खच पडला. त्यात लहान मासे होते, खेकडे होते, पाकटे होती आणि ज्याची लोक वर्षानुवर्षे वाट पाहत तो मोठा पट्टेरी बासही होता. जो मासा शेकडो पहाटी गळाला लागला नाही, तो आपण होऊन काठाला लागला, पण मेलेला! सबंध उपसागरात त्याच सुमारास शेकडो स्टर्जन मासे मेले. हा मासा अनेक दशके जगतो आणि त्याची मादी वीण घालण्याजोगी होण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. तेव्हा एका आठवड्यात झालेली ही हानी भरून येण्यास एक पिढी लागेल, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या अनर्थाचे कारण डोळ्यांनाही न दिसणारे एक सूक्ष्म शैवाल होते. हेटेरोसिग्मा आकाशिवो हे त्याचे शास्त्रीय नाव. जुलै महिन्यात उपसागरात त्याचा उद्भव झाला आणि बघता बघता पाणी तांबूस-तपकिरी झाले. शैवालास ऊन व ऊब हवी तसे खाद्यही हवे. उपसागराभोवतीच्या शहरांचे सांडपाणी शुद्ध करूनच सोडले जात असले, तरी त्यात नत्राचा मोठा अंश उरत होता. शेतात जे नत्र ज्वारीला व भाताला वाढविते, तेच नत्र पाण्यात शैवालाला वाढविते. शैवाल मेले म्हणजे ते कुजविणारे जंतू पाण्यातील प्राणवायू शोषून घेतात. खाऱ्या व उबदार पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो. शिवाय रात्री सूर्यप्रकाश नसल्याने त्यात नवी भर पडत नाही. त्यामुळे पहाटेच्या वेळी पाणी सर्वांत अधिक गुदमरलेले असते.

अशा वेळी पहिला घाव बहुधा मोठ्या माशावर पडतो. लहान मासे पृष्ठभागाच्या पातळ थरात तोंड वर काढून कसेबसे तग धरतात. मोठ्या देहाची गरज मोठी असते, ती तेवढ्याने भागत नाही. म्हणून मोठा मासा ही नुसती शिकार नव्हे, तर ती पाण्याची परीक्षा होय. तो येत असेल तर दार उघडे आहे आणि पाणी जिवंत आहे, असे समजावे. लेक मेरिटने आणखी एक गोष्ट शिकविली. दार रुंद केल्याने तळ्याचे कल्याण झाले खरे, परंतु दारापलीकडचे पाणीच बिघडले तेव्हा ते बिघडलेले पाणीही त्याच दारातून आत आले. सुमारे साठ पावसाळी गटारांतून शहरातील रस्त्यांची घाणही तळ्यात उतरते, ती वेगळीच. ह्यास्तव जुलै २०२४ मध्ये तेथील जलनियंत्रण मंडळाने उपसागरात सांडपाण्यावाटे जाणारे नत्र दहा वर्षांच्या मुदतीत ४० टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन शहरांवर घातले. माशासाठी गटार सुधारावे लागते, हा धडा महाग पडला, पण तो खरा आहे.

आता आपल्याकडे वळू. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत खारभूमीचे बांध आहेत आणि त्या बांधांना उघाड्या आहेत. गोव्यातील खाजण शेतीत ह्याच दाराला मानस म्हणतात. खारे पाणी भातशेतीत शिरू न देणे आणि पावसाचे पाणी वेळेवर बाहेर सोडणे, हे ह्या दाराचे मुख्य काम. त्याच्या तोंडाशी कोळंबी, बोय व जिताडा जमतात, म्हणून तेथे मासेमारीही चालते. मासळीच्या लोभाने दार अवेळी उघडे ठेवले तर शेत खारावते. दाराकडे दुर्लक्ष झाले तर पाणी कुजते. म्हणजे शेतकरी व मासेमार ह्या दोघांचे हित एकाच फळीवर अवलंबून असते. ती फळी केव्हा उघडावी व केव्हा मिटावी, हे दोघांनी एकत्र बसून ठरविणे हाच खरा शहाणपणा होय.

जिताड्याची गोष्ट तर विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. हा मासा आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो आणि पुरेसा वाढल्यावर मादी होतो. तेव्हा खाडीतील सर्वांत थोर जिताडा ही बहुधा आईच असते. तिची वीण समुद्राजवळच्या खाऱ्या पाण्यात होते आणि पिल्ले वाढण्यासाठी खाडीत व निमखाऱ्या पाण्यात येतात. पेण-अलिबागकडील शेतकरी अशी पिल्ले पूर्वीपासून आपल्या तळ्यांत वाढवीत आले आहेत. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ साली ह्या माशाचे प्रजनन बंदिस्त जागेत घडवून आणले, ही मोठीच सोय झाली. तरीही खाडीतील आई मारून तळ्यातील पिलाची आशा धरणे हा हिशेब फार काळ टिकणारा नाही.

मोठ्या जिताड्याला बाजारात चांगला दर मिळतो, हे खरे. ज्याच्या घरी दोन दिवस चूल नीट पेटलेली नाही, त्या एकट्यालाच तो मासा परत सोडण्याचा उपदेश करणे न्यायाचे होणार नाही. असा नियम गावाने किंवा मच्छीमार संस्थेने मिळून करावा आणि सर्वांनी सारखा पाळावा. म्हणजे त्याचा भार एकाच्या डोक्यावर पडत नाही व फळ सर्वांना मिळते.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी ह्या कामी काही गोष्टी आवर्जून कराव्यात. पावसाळ्यापूर्वी गावकऱ्यांसह उघाडीची फळी व तोंडाशी साचलेला गाळ पाहावा. मातीपरीक्षणाप्रमाणेच खत देण्याचा आग्रह धरावा आणि जोराचा पाऊस येण्याच्या बेतात असता युरिया टाकू देऊ नये, कारण वाहून गेलेले खत म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान व शैवालाची मेजवानी. शेणाचे ढीग व गावाचे गटार तळ्यापासून दूर ठेवावे. मासे पाळलेल्या तळ्यावर पहाटे फेरी मारण्याची सवय शेतकऱ्यांना लावावी. मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसले, तर त्या दिवशी खाद्य व खत बंद ठेवून ताजे पाणी सोडावे किंवा पाणी उपसून उंचावरून पुन्हा तळ्यातच पाडावे. त्यायोगे पाण्यात हवा मिसळते.

गळ टाकणाऱ्याला मोठा मासा कधी मिळेल, कधी मिळणार नाही. तो मिळाला नाही म्हणून कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु तो पाण्यातच राहिला नाही, तर शेत, तळे आणि खाडी ह्या सर्वांचेच बिघडले आहे असे जाणावे. पाण्याचे दार आणि त्या दारातून आत-बाहेर जाणारे पाणी ही दोन्ही ज्या गावाने सांभाळली, त्या गावाच्या खाडीत मोठा मासा आपल्या पायाने नव्हे, आपल्या परांनी चालत येईल.