पुष्पकाचे वंशज आणि तिकिटाचे पैसे

गेल्या वर्षी एका देवस्थानच्या वार्षिक सभेस आम्ही महाजन या नात्याने उपस्थित होतो. हिशेब मंजूर झाले, जत्रेतील दारूकामाची वर्गणी घटकाभरात जमली, आणि मग अभियांत्रिकीचे चार विद्यार्थी विनंतीअर्ज घेऊन पुढे आले. स्वतः आखून व जोडून त्यांनी एक लहान विमान सिद्ध केले होते. अमेरिकेत होणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांना प्रवेश मिळाला होता; उणीव होती ती प्रवासखर्चाची. एका वयोवृद्ध सभासदांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "खेळण्यातले विमान उडवायला अमेरिका कशाला? देवळाच्या पटांगणात उडवा की!" सभा हसली आणि विषय संपला. त्याच सायंकाळी प्राचीन भारतातील विमानविद्येवर व्याख्यान झाले. टाळ्या वाजविणाऱ्यांत तेच गृहस्थ अग्रभागी होते.

ही विसंगती एका गावाची असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु ती आपल्या समाजाच्या अंगवळणी पडली आहे, म्हणून स्पष्ट बोलणे भाग आहे.

प्रथम 'खेळणे' या शब्दाचा समाचार घेऊ. 1871 च्या ऑगस्टमध्ये आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या त्वीलरी उद्यानात पिळलेल्या रबराच्या शक्तीवर चालणारे एक चिमुकले विमान उडविले. ते 11 सेकंद हवेत राहिले आणि सुमारे 40 मीटर गेले. याच पेनोच्या धर्तीचे, रबरावर उडणारे खेळणे 1878 मध्ये अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाने आपल्या मुलांना आणून दिले. मुलांची नावे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. 17 डिसेंबर 1903 रोजी या बंधूंनी केलेले पहिले उड्डाण 12 सेकंदांचे व सुमारे 37 मीटरांचे होते. म्हणजे पेनोचे खेळणे त्याहून थोडे अधिकच लांब गेले होते! त्या धर्मोपदेशकानेही हसून विषय संपविला असता, तर राइट बंधूंची ती ओढ कोठून सुरू झाली असती?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर दिसतो: विमान पाठवा, माणसे कशाला? या प्रश्नास इतिहास आहे. लॉर्ड वेकफील्ड यांच्या नावाच्या चषकासाठी होणाऱ्या रबरशक्तीच्या विमानांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पूर्वी अशी सोय होती की, दूरच्या स्पर्धकाने आपले विमान पेटीत घालून पाठवावे आणि यजमान देशातील कोणी ते त्याच्या वतीने उडवावे. 1935 मध्ये इंग्लंडात झालेल्या स्पर्धेत गॉर्डन लाइट या अमेरिकन स्पर्धकाचे विमान असेच दुसऱ्याच्या हातून उडून विजयी झाले. तेव्हा प्रतिनिधीमार्फत चषक मिळू शकतो, हे आम्ही वकील या नात्याने आनंदाने मान्य करतो. परंतु मुखत्यारपत्राने विद्या मिळत नाही. परक्या मैदानावरचा वारा पाहून शेपटीचा कोन किंचित बदलणे, आदल्या रात्री मोडलेला पंख सकाळपर्यंत सांधणे, शेजारच्या चमूचे यंत्र पाहून आपली चूक उमगणे, हे शिक्षण पेटीत बांधून पाठविता येत नाही. शिवाय विद्यार्थ्यांच्या आजच्या स्पर्धेत केवळ उड्डाणाला गुण नसतात. आपली रचना अशीच का केली, याचा लेखी अहवाल द्यावा लागतो आणि परीक्षकांसमोर उभे राहून तिचे समर्थन करावे लागते. ते समर्थन कोणत्या प्रतिनिधीने करावे?

खर्चही काही चैनीचा नसतो. विमान प्रवाशाच्या नेहमीच्या सामानात मावत नाही. त्याची पेटी मापाबाहेर गेली की वेगळे भाडे पडते. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या सामानाच्या कोठारात टाकता येत नाहीत. त्या क्षमतेची मर्यादा पाळून हातातच न्याव्या लागतात. त्यावर परवाना, प्रवेशशुल्क, निवास. मध्यमवर्गीय घरातला मुलगा येथेच थांबतो.

आता आपल्या अभिमानाकडे वळू. 1895 मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले असे आपण सांगतो. त्या उड्डाणाचा न्यायालयात टिकेल असा समकालीन पुरावा अद्याप पुढे आलेला नाही. 'वैमानिक शास्त्र' प्राचीन म्हणून मिरविले जाते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी 1974 मध्ये ते तपासून असा निष्कर्ष काढला की, तो ग्रंथ 1904 पूर्वीचा नाही आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत. तरीही 2015 मध्ये मुंबईस भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. आमच्या रामायणभक्तीस यामुळे रेसभरही बाध येत नाही. उलट आम्ही श्रद्धेनेच विचारतो, पुष्पकाची कथा आपण नीट वाचली आहे काय? ते घडविले विश्वकर्म्याने. रावणाने ते कुबेरापासून बळाने हिरावले, आणि प्रभु रामचंद्रांनी कार्य होताच ते कुबेराकडे परत धाडले. आपण मात्र न घडविलेल्या विमानावर मालकी सांगतो आणि खरोखर विमान घडविणाऱ्या विश्वकर्म्याच्या लेकरांस दारातून परत पाठवितो.

"देवाचा पैसा असा कसा द्यावा?" हा शेवटचा आक्षेप. तो आम्हास शिरोधार्य आहे. कायद्याच्या दृष्टीने देवता ही स्वतंत्र व्यक्ती आहे. तिच्या द्रव्यास विश्वस्तांनी स्वेच्छेने हात लावू नये, हे आम्ही न्यायासनासमोर अनेकदा मांडले आहे. पण आम्ही देवाचे द्रव्य मागतच नाही. दारूकामाची वर्गणी महाजनांच्या खिशातून येते. त्याच यादीत आणखी एक ओळ असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. आमच्या देवळांच्या आश्रयाने कीर्तन वाढले, संगीत वाढले, उत्सवी रंगमंचावर नाटक वाढले. तेव्हाही कोणी "गाणे हा धर्म आहे काय?" असे विचारून सभा हसविली असेल, परंतु शहाण्या महाजनांनी त्याचे ऐकले नाही, म्हणून आज आपण त्या परंपरेचे नाव अभिमानाने घेतो.

येत्या वार्षिक सभेपुढे हा ठराव आम्ही रीतसर लेखी मांडणार आहोत. ज्यांस विरोध करावयाचा असेल त्यांनी अवश्य करावा. मात्र हसून नव्हे, कारणे देऊन.