३० सेकंदांचे काम, चोख व्यवहार

‘मुलगा दिवसभर संगणकावर अक्षरे नाचवतो आणि त्याला काम म्हणतो,’ अशी तक्रार घेऊन पुष्कळ पालक येतात. त्यांची काळजी रास्त आहे. पण हे काम खरे आहे आणि त्याला मागणीही आहे. त्याचे नाव मोशन डिझाइन. दुकानाचे बोधचिन्ह, चित्रे, अक्षरे, आकडे यांना हालचाल देऊन थोड्या वेळात एखादी गोष्ट समजावून सांगायची. पडद्यावरच्या एका सेकंदात साधारण २५ चित्रे सरकतात. म्हणजे ३० सेकंदांच्या जाहिरातीत ७५० चित्रे झाली. ‘एवढ्याशा व्हिडिओचे इतके पैसे?’ असे विचारणाऱ्याला हा हिशेब शांतपणे सांगावा.

हुन्नर शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत, ब्लेंडरसारखे चांगले सॉफ्टवेअर मोफतही मिळते. मुले अडतात ती पुढे. ग्राहक आणायचा कुठून आणि टिकवायचा कसा, हे कुणी शिकवत नाही.

ग्राहक आधी काम पाहतो, प्रमाणपत्र नंतर. म्हणून आपल्या निवडक कामांचा एक मिनिटाचा नमुना तयार ठेवा. सर्वांत चांगले काम सुरुवातीलाच दाखवा. शेवटपर्यंत पाहण्याइतका वेळ सगळ्यांकडे नसतो. अजून कुणाचे काम केले नसेल तर ओळखीच्या मसालेवाल्यासाठी किंवा दवाखान्यासाठी सरावाचे तीन नमुने करा आणि ते सरावाचे आहेत असे त्यावर स्पष्ट लिहा. दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवले, तर पहिल्याच प्रश्नाला उघडे पडाल.

आपल्या मुलांकडे एक भांडवल असे आहे, ज्याची त्यांना स्वतःलाच किंमत नसते. ते म्हणजे मराठी, उर्दू आणि हिंदी. सॉफ्टवेअरमध्ये या लिप्यांसाठी योग्य सेटिंग निवडलेले नसेल तर मराठी जोडाक्षरे तुटतात, उर्दूची जोडून लिहायची अक्षरे सुटी पडतात. ज्याला लिपीच येत नाही, त्याच्या नजरेला ही चूक दिसत नाही. एकच जाहिरात तिन्ही भाषांत शुद्ध करून देणारा कारागीर शहरातल्या मोठ्या स्टुडिओलाही हवा असतो.

काम ठरवताना आधी विचारा, मग भाव सांगा. हा व्हिडिओ कोण पाहणार? पाहून त्याने काय करायचे? दुकानात यायचे, फोन करायचा, की फक्त नाव लक्षात ठेवायचे? दुकानातल्या टीव्हीवर आडवा लागेल की मोबाइलवर उभा? पुष्कळ लोक मोबाइलवर आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून महत्त्वाची गोष्ट अक्षरांतही दिसली पाहिजे. असे प्रश्न विचारणाऱ्यावर ग्राहकाचा विश्वास बसतो, कारण याला आपल्या धंद्याची फिकीर आहे हे त्याला कळते.

आता लिखापढी. माझ्या एका माजी विद्यार्थिनीने एका शिकवणी वर्गासाठी जाहिरात केली. बोलणे सगळे फोनवर. मालकांनी नऊ वेळा बदल सांगितले, शेवटी ‘आता प्रवेश संपले’ म्हणून पैसेच दिले नाहीत. पुढच्या कामापासून तिने एक पानाचा कागद करायला सुरुवात केली: व्हिडिओ किती सेकंदांचा, तारीख कोणती, निम्मी रक्कम आगाऊ, दोन वेळा बदल मोफत, तिसऱ्यापासून वेगळे पैसे, मूळ फाइल द्यायची की नाही. देण्याघेण्याचे लिहून ठेवावे, ही शिकवण आपल्या घरांना नवी नाही. ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला संकोच वाटतो खरा, पण ओळख टिकते ती त्या कागदामुळेच.

बदलांचा त्रास कमी करायचा तर काम टप्प्याटप्प्याने दाखवा. आधी मजकूर मंजूर करून घ्या, मग कागदावरची रेखाटने, मग दोन-तीन रंगीत चौकटी, आणि त्यानंतरच हालचाल. रेखाटन पुसायला पाच मिनिटे लागतात. तयार दृश्य बदलायला रात्र जाते. ‘जरा भारी करा’ असे ग्राहक म्हणाला तर अंदाज बांधू नका. वेग वाढवायचा, रंग गडद करायचे की अक्षरे मोठी, ते विचारा. आणि सिनेमाचे गाणे परवानगीशिवाय जाहिरातीला लावू नका, ग्राहकाने आग्रह केला तरी. अडचणीत तोही येईल.

ग्राहक खूश होतो तो लहान गोष्टींनी. उशीर होणार असेल तर तारीख उलटण्याआधीच कळवा. आडव्यासोबत उभा आकारही द्या. वर्षभराने त्याने फाइल मागितली तर ती तुमच्याकडे सापडली पाहिजे.

थकबाकीसाठी कायदाही आहे. ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. एजंटाला पैसे देऊ नका. नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे २००६ च्या कायद्यानुसार ठरलेल्या मुदतीत मिळाले पाहिजेत आणि ती मुदत ४५ दिवसांहून जास्त असू शकत नाही. लेखी मुदत नसेल तर १५ दिवस. मात्र नोंदणी काम घेण्याआधी करावी.

पालकांना एवढेच सांगणे, की घरातला एक कोपरा आणि दिवसाचे ठरावीक तास या कामासाठी राखून द्या. मुलगी संगणकासमोर बसली आहे म्हणून दर दहा मिनिटांनी तिला चहा टाकायला उठवू नका. ती कामावर आहे.