कापड महाग का पडते, हे सरकारला विचारा



परदेशी माल स्वस्त पडला की पहिला हात उगारला जातो तो कामगारावर. ‘उत्पादन वाढवा, जास्त साचे सांभाळा, मागण्या आवरा, नाही तर आपण जगात टिकणार नाही!’ मालक बोलतो, मंत्री मान डोलावतो. आम्ही विचारतो, साचा किती जुना, सूत काय भावाचे, त्यावर कर किती, हे कामगाराच्या हातात आहे काय? ज्याच्या हातात आहे त्याने काय केले?

बघायला कचेरी नाही म्हणावे तर तीही आहे. टेक्स्टाइल कमिशनरचे ऑफिस 1943 पासूनचे, तेही मुंबईतच. चात्या किती, साचे किती, कापड किती, सगळे आकडे तिथे जातात. जातात, आणि पुढे?

1956 साली सरकारने गिरण्यांतल्या साच्यांची वाढ गोठवली. हातमागवाला जगावा हा हेतू. त्याला आमचा विरोध नाही, तोही आपलाच भाऊ. पण हातमागासाठी घातलेल्या कुंपणाआड वाढला तो यंत्रमाग, भिवंडीला, मालेगावला, इचलकरंजीला! गिरणीतले साचे मात्र म्हातारे होत गेले. पुष्कळ मालकांनी नफा यंत्रात घातला नाही, तेही विसरू नका. धोरण फसतेय हे आकड्यांत दिसत होते. तरी नवे धोरण आले 1985 साली. तोवर 18 जानेवारी 1982 चा संप होऊन अडीच लाखांच्या आसपास माणसांच्या चुली थंडावल्या होत्या. मग 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींचे दार उघडले, आणि 2001 च्या बदलाने घरांचा वाटा निव्वळ मोकळ्या जागेपुरता कापला. जमिनीच्या बाबतीत सरकारला कधी डुलकी लागली नाही हो!

जुन्या गोष्टी उकरता म्हणाल, तर कालचे घ्या. 2017 साली जीएसटी लागला. कृत्रिम तंतूवर 18 टक्के, त्याच्या सुतावर पुढे 12, कापडावर 5. कच्च्या मालावर कर जास्त, तयार मालावर कमी. धंद्याचा पैसा करातच अडकून पडला. सारे जग कृत्रिम धाग्याकडे वळलेले, आणि आपण त्याच धाग्यावर चढा कर लावून बसलो. दुरुस्ती झाली 22 सप्टेंबर 2025 ला, तंतू आणि सूत दोन्ही 5 टक्क्यांवर. गिरणीतल्या हिशेबनिसाने एका दुपारी दाखवली असती अशी चूक, तिला आठ वर्षे!

इकडे 2005 मध्ये जगातले कोटे उठले आणि बांगलादेश, व्हिएतनाम तयार कपड्यांत आपल्या पुढे निघून गेले. कापूस विदर्भात, सदरा ढाक्याचा. मालक म्हणेल, तिथे मजुरी कमी. मग व्हिएतनामचे काय? तिथे मजुरी आपल्याहून जास्त आहे, तरी तो पुढे आहे.

आमची मागणी साधी आहे. दर वर्षी अर्थसंकल्पाआधी सरकारने एक तक्ता मराठीत छापून प्रत्येक गिरणीच्या फाटकावर लावावा. एक मीटर कापडामागे कापूस, वीज, व्याज, कर, मजुरी यांचा खर्च आपल्याकडे किती आणि व्हिएतनामात किती. मजुरीचा आकडा त्यात कुठे बसतो, ते मग पाळी सुटल्यावर आम्हीच मालकाला मोठ्याने वाचून दाखवू.