विश्लेषण : जुन्या संगणकाची भीती, मग डिरेक्टरीकडे दुर्लक्ष का?

जून २०१७ च्या अखेरीस न्हावा-शेवा येथील जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम अचानक विस्कळीत झाले. कंटेनर जागेवर होते, क्रेन धडधाकट होत्या, कामगारही हजर होते. कोलमडले होते ते टर्मिनल चालवणाऱ्या डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचे संगणक जाळे. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून बाहेर पडलेला ‘नॉटपेट्या’ हा विषाणू २७ जूनला जगभर पसरला आणि त्याची झळ थेट उरणपर्यंत पोहोचली. त्यानंतर ‘जुनी विंडोज बदला’ असा धोशा सुरू झाला. सल्ला चुकीचा नाही, पण त्या घटनेतला महत्त्वाचा धडा वेगळा होता आणि तो आपल्याकडे फारसा कुणी घेतला नाही.

मर्स्कचे नेमके काय गेले होते?

कंपनीला दहा दिवसांत सुमारे ४५ हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. पण खरी धडकी भरवणारी गोष्ट दुसरीच होती. जगभरातले जवळपास दीडशे डोमेन कंट्रोलर एकाच वेळी पुसले गेले होते. हे सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवतात, म्हणजे एक गेला तरी बाकीचे आहेतच, असे गृहीत धरले गेले होते. सगळेच एकदम जातील हा विचार कुणी केला नव्हता. शोधाशोध केल्यावर घानातल्या कार्यालयात एक शाबूत सापडला. वाचला कसा, तर हल्ल्याआधी तिथली वीज गेली होती! इंटरनेटचा वेग इतका कमी, की त्यातली माहिती अखेर हार्ड डिस्कवरून विमानाने ब्रिटनला न्यावी लागली.

डोमेन कंट्रोलर इतका मोलाचा का?

तलाठ्याच्या दप्तरात जमीन नसते, कुणाची कोणती जमीन याची नोंद असते. दप्तर गेले तर जमीन जागेवर असूनही व्यवहार थांबतो. मायक्रोसॉफ्टची ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ हे कार्यालयाच्या संगणक जाळ्याचे असेच दप्तर आहे. कोण कर्मचारी, त्याचा पासवर्ड कोणता, त्याने कोणते फोल्डर उघडावे, कोणता संगणक आपला, हे सारे त्यात असते. हे दप्तर ज्या सर्व्हरवर असते तो डोमेन कंट्रोलर. विंडोज २००० सर्व्हरबरोबर ही व्यवस्था आली. तिच्या आधी विंडोज एनटीमध्ये एक मुख्य कंट्रोलर आणि त्याचे राखीव जोडीदार अशी साधी मांडणी होती. नॉव्हेलची डिरेक्टरी तर त्याहून जुनी, १९९३ ची. मूळ कल्पना आजही तीच आहे.

बिघाड होतो कुठे?

बहुतेक वेळा अगदी क्षुल्लक जागी. घड्याळाचेच घ्या. लॉग-इनसाठी वापरली जाणारी ‘कर्बेरॉस’ ही पद्धत वेळेवर बेतलेली आहे. संगणक आणि सर्व्हर यांच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की ती ओळख नाकारू शकते. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपते, तारीख मागे जाते आणि कर्मचारी बिचारा पासवर्ड बदलत बसतो.

दुसरी जागा डीएनएसची. संगणक आपला डोमेन कंट्रोलर डीएनएसला विचारून शोधतो. एखाद्या उत्साही माणसाने तिथे इंटरनेट कंपनीचा पत्ता टाकला, की संकेतस्थळे झकास उघडतात, पण लॉग-इनला पाच-पाच मिनिटे लागतात. बाहेरच्या डीएनएसला तुमच्या कार्यालयातला सर्व्हर कसा ठाऊक असणार? इंटरनेट चालते आहे म्हणजे नेटवर्क ठीक आहे, या समजुतीने इथे किती दुपारी वाया जात असतील!

तिसरी गोष्ट थोडी आडवळणाची. प्रत्येक संगणकाचाही स्वतःचा पासवर्ड असतो आणि तो साधारण दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. बिघडलेला संगणक सहा महिन्यांपूर्वीच्या प्रतीवरून पूर्ववत केला, तर तो जुनाच पासवर्ड सांगतो आणि डोमेनशी असलेले त्याचे ‘विश्वासाचे नाते’ तुटल्याचा संदेश येतो. मग सारे सॉफ्टवेअर पुन्हा टाकायची गरज नसते. संगणक डोमेनमधून काढून पुन्हा जोडला की बहुधा भागते.

जुना बॅकअप खुद्द डिरेक्टरीलाही चालत नाही. खोडलेल्या नोंदी ती ठरावीक काळच लक्षात ठेवते. जुन्या डिरेक्टरींत हा काळ ६० दिवसांचा, नंतरच्यांत १८०. त्याहून जुना बॅकअप निरुपयोगी ठरतो. अभियांत्रिकीला आम्ही नेटवर्कचे सात थर तोंडपाठ केले. यातले काहीच कुणी शिकवले नव्हते.

मग जुने संगणक फेकून द्यायचे?

मला ते पटत नाही. सीएनसी यंत्र किंवा प्रयोगशाळेतले उपकरण वीस वर्षे चालते, त्याला जोडलेली विंडोज दहा-बारा वर्षांत निवृत्त होते. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला म्हणून लाखो रुपयांचे यंत्र कोणता कारखानदार भंगारात काढेल? शिवाय मे २०१७ च्या ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात सर्वाधिक बळी एक्सपीचे नव्हे, विंडोज ७ चे होते. त्यांच्यासाठीची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये आली होती. ती बसवली गेली नव्हती, एवढेच.

जुन्या यंत्राला वेगळ्या जाळ्यात कुंपण घालून ठेवता येते. घोळ होतो तो त्याच्यासाठी बाकीच्यांचे दार उघडल्यावर. एक्सपीला फाइल देवाणघेवाणीची ‘एसएमबी १’ हीच जुनी भाषा येते. वॉनाक्राय तिच्यातूनच शिरला. सर्व्हर २०१९ मध्ये ती आपोआप बसवलीच जात नाही. एका जुन्या संगणकासाठी ती डोमेन कंट्रोलरवर चालू करणे म्हणजे गोठ्याच्या कडीसाठी वाड्याचे कुलूप काढण्यासारखे आहे. नॉटपेट्या तर संगणकाच्या स्मृतीतले पासवर्ड चोरून दुरुस्ती बसवलेल्या यंत्रांतही घुसला. म्हणून डोमेन अ‍ॅडमिनच्या खात्याने कुणाच्याही टेबलावरच्या संगणकात लॉग-इन करण्याची सवय मला एक्सपीपेक्षा घातक वाटते.

पैसे कमी असतील तर ते आधी दुसऱ्या डोमेन कंट्रोलरवर आणि नेटवर्कपासून तोडून ठेवलेल्या बॅकअपवर खर्च व्हावेत, नवे संगणक नंतर. आणि एक काम तर फुकट आहे. डिरेक्टरी बॅकअपमधून परत आणण्यासाठी सर्व्हर ज्या विशेष अवस्थेत सुरू करावा लागतो, तिचा पासवर्ड रोजच्या अ‍ॅडमिन पासवर्डपेक्षा वेगळा असतो. सर्व्हर डोमेन कंट्रोलर झाला त्या दिवशी तो ठरवलेला असतो, आणि तो ठरवणारा माणूस अनेकदा नोकरी सोडून गेलेला असतो. सर्व्हर चालू असताना ‘एनटीडीएसयुटिल’ या आज्ञेने तो काही मिनिटांत नव्याने ठरवता येतो. तुमच्या कार्यालयात तो कुणाला ठाऊक आहे, हे आजच विचारून पाहा.