बाटली कोणी दिली?

कायद्याचं नाव आहे दारूबंदी. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९. पुढे नावातलं मुंबई जाऊन महाराष्ट्र आलं, एवढंच. आणि जळगाव-धुळ्यात ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ अशी पाटी लावून जे जे उभं आहे, ते सगळं ह्याच दारूबंदीच्या कागदावर उभं आहे. बंदी घालणारा कायदा आणि परवाने वाटणारा कायदा एकच. असला तमाशा ह्या व्यवस्थेलाच जमतो.

पण हसून सोडू नका. ह्या तमाशात आपल्या कामाची एक गोष्ट दडलीय. कायदा मुळात म्हणतो, दारू विकणं हा गुन्हा. परवाना म्हणजे त्या गुन्ह्यातून दिलेली सूट, तीसुद्धा अटींवर. अट मोडली की सूट संपली. गल्ल्यावर बसलेला शेठ बापजाद्यांच्या हक्काने तिथे बसलेला नाही. तो अटींच्या पाटावर बसलाय. तो पाट कधीही ओढता येतो. आणि हे आपल्याला कोणी सांगत नाही.

आपल्याकडे दारूवर बोलायचं म्हटलं की सगळे पिणाऱ्यावर तुटून पडतात. जयंतीच्या स्टेजवरून पुढारी झोडपतो. पांढरपेशा झालेला आपलाच साहेब नाक मुरडतो, म्हणतो, ह्यांना कितीही द्या, हे पिऊनच मरणार. पिणाऱ्याचं कौतुक मलाही नाय. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती मोडणाऱ्याने आपलं तोंड आरशात बघावं. पण मला दुसरंच विचारायचंय. पिणारा सगळ्यांना दिसतो, कारण तो गटाराच्या कडेला पडलेला असतो. विकणारा पंख्याखाली बसलेला असतो. त्याला कोण विचारणार?

मी मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो. मॅट्रिकच्या पुढे शाळा बघितली नाय. पण जबाबदारी म्हणजे काय, हे गोदी रोज शिकवते. माल जहाजातून उतरला की नगानगाची टॅली होते. सील फुटलं, नग कमी भरला, तर आधी पाळीवरच्या हमालाची झडती. शंभर रुपयांच्या खोक्याचा हिशोब घाम पुसायच्या आत द्यावा लागतो. मग दारूच्या खोक्यांवर माड्या चढवणाऱ्याने हिशोब द्यायचा की नाय? कायदा म्हणतो, द्यायचा. बघा काय काय म्हणतो.

बियर २१ वर्षांखालच्याला आणि विस्की-रमसारखी कडक दारू २५ वर्षांखालच्याला विकायची नाही. पिणाऱ्याकडे परवाना पाहिजे, निदान एक दिवसाचा. देशीला दोन रुपये, विदेशीला पाच. तुमच्या गल्लीत किती जणांनी हा कागद डोळ्यांनी बघितलाय, विचारून बघा. माल सीलबंद बाटलीत विकायचा. छापील किमतीवर एक पैसा जास्त घ्यायचा नाही. वाइन शॉपचा परवाना बाटली नेण्यापुरता आहे, दारात उभं राहून पिण्याचा नाही. किती माल आला, किती विकला, किती उरला, हे वहीत भरायचं, आणि निरीक्षक आला की वही आणि फळीवरचा माल जुळला पाहिजे. नोकर ठेवायचा तर त्याचा नोकरनामा मंजूर पाहिजे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला शटर खाली. निवडणुकीत मतदान संपायच्या आधीचे ४८ तास शटर खाली. परवान्याचं साल ३१ मार्चला संपतं. नूतनीकरण झालं तरच १ एप्रिलला कुलूप उघडायचं.

आणि ह्या सगळ्यांवर कलम ५४. अट मालकाने मोडली काय आणि त्याच्या नोकराने मोडली काय, परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे. ‘पोरगं नवीन होतं, त्याला कळलं नाही’ ही शेठची पळवाट कायद्याने आधीच बुजवलीय.

आता कागदावरून गल्लीत या.

धुळ्याच्या एका वस्तीत आमची एक मावशी राहते. धुणी-भांडी करते. तिचा पोरगा सतरा वर्षांचा. एका रात्री पोलिसांनी त्याला झिंगलेला उचलला. सकाळी मावशी चौकीवर गेली तर तिलाच दम मिळाला, पोरगा सांभाळता येत नाही का म्हणून. मावशी अहिराणीत एकच बोलली : “मन्हा आंडोर सतरा वरीसना शे. त्याले बाटली कोन्ही दिधी?” साहेबाने मान वर केली नाही. दुकान कुठलं हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. कागदावर दुकान नव्हतं.

मावशीला सही करता येत नाय. पण तिचा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात जसाच्या तसा छापलाय. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७७. अठरा वर्षांखालच्या पोराला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. देणाऱ्याला, पोराला नव्हे. आणि हे कलम काय झोपलेलं नाय. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या पोराने महागड्या गाडीखाली दोन तरुण जिवांना चिरडलं. देशभर बोंब झाली, आणि त्या पोराला दारू देणाऱ्या बारच्या मालक-मॅनेजरवर हेच कलम लागलं. बारला सील लागलं. म्हणजे कायद्याला पाय आहेत, धावता येतं. फक्त तो धावायला गाडी कोट्यवधीची लागते, मरणाऱ्याचा फोटो पेपरात यावा लागतो. आमच्या वस्तीतलं पोर कुठल्या गाडीखाली कोणाला चिरडणार? ते स्वतःच चिरडलं जातं, आणि त्याचा पंचनामा त्याच्या आईच्या नावावर होतो.

खानदेशात कायदा हललाच नाही, असंही नाय. २०२० ची टाळेबंदी आठवा. दुकानं बंद, लोकांच्या घरात पीठ नाही, आणि जळगावात बंद शटरच्या मागून दारू बाहेर पडत होती. ओरड झाली, तपासणी झाली. काही दुकानांची वही आणि माल जुळेना. जिल्हाधिकाऱ्यांनी परवाने रद्द केले. दोस्तांनो, हे नीट ध्यानात घ्या. तिथे कोणी दगड मारला नव्हता, कोणी उपोषण केलं नव्हतं. एका वहीने शेठ लोकांना घाम फोडला. जी वही टाळेबंदीत तपासता येते ती एरवी का तपासली जात नाही? ह्या प्रश्नाचं उत्तर ज्याला द्यायचंय त्याचा पगार आपल्या करातून जातो.

त्याच जळगावात दुसरीही कला बघायला मिळाली. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूचं दुकान नको, १ एप्रिल २०१७ पासून बंद करा. माणसं रस्त्यावर मरतात म्हणून. मग काय झालं? दुकानं हलवायच्या ऐवजी रस्ता हलवला! शहरातून जाणारे काही राज्य रस्ते वर्गातून काढून महापालिकेच्या गळ्यात घालायचा निर्णय झाला. रस्ता तोच, खड्डे तेच, दुकान तेच, फक्त कागदावर तो महामार्ग राहिला नाही. आमच्या झोपडीसाठी सरकारने कधी एखाद्या रस्त्याचं नाव बदललंय?

आता तराजूची दोन पारडी बघा. वस्तीत एखादी विधवा चार बाटल्या पदराखाली घेऊन विकते. तिच्यावर कलम ६५ (ई). पेपरात तिचं नाव, वय, राहणार कुठली, सगळं छापून येतं. कोर्टाच्या तारखा, जामीन, वकील. आणि परवानेवाल्याने अट मोडली तर त्याच कायद्यात कलम १०४ आहे. परवाना रद्द करायच्या ऐवजी रक्कम भरून घ्यायची आणि तडजोड करायची. पैसे टाका, शटर उघडा. बाईला गुन्हा, शेठला तडजोड. आणि त्या बाईकडे सापडलेली सीलबंद देशी काय आभाळातून पडली? बाटलीवर कारखान्याचं लेबल असतं, बॅच नंबर असतो. माल वाहतूक पासाशिवाय कारखान्यातून हलत नाही. म्हणजे ती बाटली कुठल्या तरी परवान्याच्या वहीतून बाहेर पडलेली आहे. तो माग उलटा काढा ना! बाईपाशी येऊन तपास का थांबतो?

थांबतो, कारण सरकार ह्या धंद्याचं भागीदार आहे. दारूवरून राज्याच्या तिजोरीत वर्षाला वीस हजार कोटींच्या वर पडतात. जून २०२५ मध्ये दारूवरचं शुल्क वाढवलं, तेव्हा आणखी चौदा हजार कोटींचा हिशोब मांडला होता. त्याच वर्षी दारू बनवणाऱ्या ४१ कंपन्यांना प्रत्येकी ८, म्हणजे ३२८ नवे दुकान-परवाने द्यायची गोष्ट निघाली. आणि मार्च २०२५ मध्ये विधानसभेत सांगितलं, सोसायटीच्या इमारतीत दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना-हरकत पत्र लागेल. ठीक आहे. पण झोपडपट्टीची सोसायटी कुठेय? फ्लॅटवाल्याची हरकत ती हरकत, आणि पत्र्याखाली राहणाऱ्या बाईची हरकत म्हणजे कटकट?

काही मित्र म्हणतील, मग सगळी दारू बंदच करा. मी म्हणतो, थांबा. १९५१ मध्ये बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या जाहीरनाम्याने दारूबंदीला विरोध केला होता. महसूल बुडतो आणि घरोघर चोरटी दारू गळते, असा त्याचा रोख होता. वर्ध्यात १९७५ पासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला आली, २०२१ ला उठली. आणि जिथे चोरटी दारू पिकते तिथे काय होतं ते जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत बघितलं. मिथेनॉलने शंभराहून जास्त माणसं गेली. सगळी झोपडपट्टीतली, आपल्यासारखी. म्हणून माझी मागणी साधी आहे. जी दारू कायद्याने विकता, ती कायद्यानेच विका. अटी कमी नाहीत. पाळायला लावणारे कमी आहेत.

आणि पाळायला लावणं हे खानदेशाला नवं नाय. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, १९९८ पासून नंदुरबारमध्ये. त्या चळवळीतल्या भिल्ल बाया गावागावात गेल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. त्यांना कलम माहीत नव्हतं. पण त्यांनी नवऱ्याला मारायच्या आधी मडकं गाठलं. माल कुठून येतो तिथे हात घातला. ही अक्कल आपल्या भाषणबाजांना पन्नास वर्षांत आली नाही.

आज बायांच्या हातात मतपेटीही आहे. २००८ च्या आदेशाने गावाला आणि शहरातल्या वॉर्डाला हक्क दिलाय. पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, मग गुप्त मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. अट अशी ठेवलीय की एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पाहिजेत. म्हणजे घरी बसलेल्या बाईचं मत आपोआप शेठच्या खात्यात जमा. ही चलाखी ओळखा, आणि त्या दिवशी एकही बाई घरी राहणार नाही असं बघा.

पण मतदानाच्या आधीची कामं आजच करता येतात. आपली पोरं कविता लिहितात, पोस्टर रंगवतात, मोर्चात घसा फोडतात. आता थोडं कारकुनाचं काम करा. आपल्या वॉर्डातल्या प्रत्येक दारूच्या दुकानाचा परवाना क्रमांक लिहून घ्या. २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली राज्य उत्पादन शुल्काच्या अधीक्षकाकडे अर्ज टाका. गेल्या तीन वर्षांत ह्या दुकानाची तपासणी किती वेळा झाली? वहीत काय दोष निघाले? किती वेळा तडजोड झाली, किती रकमेवर? कोणत्या तारखेला नूतनीकरण झालं? अर्जाला दहा रुपये लागतात. एका क्वार्टरच्या किमतीत तुमचे किती अर्ज होतात, मोजा. छापील किमतीच्या वर पैसे घेतले तर लेखी तक्रार. लहान पोराच्या हातात बाटली दिली तर लेखी तक्रार, कलम ७७ चं नाव घालून. तक्रारीची पोच घ्या, शिक्क्यासकट. आणि मार्च महिना आला की जिल्हाधिकाऱ्यापुढे सगळे कागद मांडा, नूतनीकरणाच्या आधी.

शेठला आपल्या शिव्या ऐकायची सवय आहे. दगडाची तर तो वाटच बघतो, कारण दगड मारला की गुन्हा आपल्यावर. त्याला भीती कागदाची आहे. हजारो वर्षं कागद त्यांच्याकडे आणि दगड आपल्याकडे होता. आता कागद आपणही वाचतो.

तेव्हा पुढच्या वेळी वस्तीत एखादं पोर पडलेलं दिसलं तर त्याला लाथ मारू नका. उचला, तोंडावर पाणी मारा, घरी पोचवा. मग सगळे मिळून त्या दुकानाच्या दारात जा आणि मावशीचा प्रश्न मोठ्याने विचारा. उत्तर मिळेपर्यंत हलू नका.

जयभीम.