संस्कृतीचं ओझं कुणाच्या बॅगेत?

परदेशी गेलेल्या माणसाची गोष्ट म्हटली, की व्हिसा, विमानतळ आणि डॉलर डोळ्यांसमोर येतात. अलीकडच्या कथा-कादंबऱ्यांत मात्र ही गोष्ट बरेचदा स्वयंपाकघरात सुरू होते. झुंपा लाहिरी यांची ‘द नेमसेक’ (२००३) ही कादंबरी घ्या. काळ १९६८चा. दिवस भरत आलेली असीमा अमेरिकेतल्या आपल्या छोट्याशा घरात राइस क्रिस्पीज, शेंगदाणे, कांदा, मिरची, लिंबू एकत्र करून कोलकात्याच्या फुटपाथवरच्या भेळेची चव शोधतेय. सगळं आहे, मोहरीचं तेल तेवढं नाही! मीरा नायर यांच्या २००६ सालच्या चित्रपटातली तब्बू अनेकजणींना आठवत असेल. ती हीच असीमा.

लाहिरींच्याच १९९९च्या कथासंग्रहातल्या मिसेस सेन तर आपल्या शेजारच्याच वाटतात. नवरा अमेरिकेत प्राध्यापक. त्या जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, आपल्या विळीसारख्या ‘बोंटी’वर भाजी चिरतात. गावाकडे लग्नघरात बायका रात्रभर जमून भाजी चिरायच्या, गप्पा रंगायच्या. इथे विळी आहे, माणसं नाहीत. ताजा मासा आणायचा तर नवऱ्याच्या सवडीची वाट बघायची, कारण गाडी चालवायची भीती वाटते. कथा वाचताना मला जाणवलं, की मिसेस सेनना घराची आठवण छळते हे खरंच, पण त्याहून जास्त छळतं ते हे परावलंबन. गावाची आठवण फोनवर बोलून थोडी हलकी होते. दाराबाहेर एकटीने पडता येत नाही, त्याचं काय करायचं?

मोनिका अली यांच्या ‘ब्रिक लेन’ची (२००३) नाझनीन बांगलादेशातल्या खेड्यातून लग्न होऊन लंडनला येते. तिला इंग्रजीतले ‘सॉरी’ आणि ‘थँक यू’ एवढेच शब्द येतात. इंग्रजी शिकावंसं वाटतं, पण नवऱ्याला त्याची गरज दिसत नाही. पुढे ती घरी बसून शिवणकाम करते, चार पैसे हाती येतात. आणि नवरा ढाक्याला परत निघतो तेव्हा ती मुलींना घेऊन लंडनलाच राहायचं ठरवते. संस्कृती टिकवण्याच्या बाता मारत होता नवरा. मुलींचं काय होईल, याचा हिशेब मात्र तिनेच मांडला.

या कथा बंगाली घरांतल्या असल्या तरी प्रश्न आपलाही आहे. मुलगा पँट-शर्ट घालून ऑफिसला गेला तर त्याची संस्कृती बुडत नाही. सुनेने मंगळसूत्र काढून ठेवलं, की इथे बसलेल्यांची झोप उडते. नातवंडं मराठी बोलत नाहीत, याचा जाब मुलाला कुणी विचारतं का? भाषा, सणवार, उपासतापास, पुरणपोळी या सगळ्याची जबाबदारी तिची. आपण बॅगेत मेतकूट आणि गोडा मसाला प्रेमाने भरतो, आणि त्याच्याबरोबर हे न दिसणारं ओझंही भरतो.

खरं तर हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. २०११च्या जनगणनेनुसार आपल्या देशात बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न हेच आहे. वऱ्हाडातली मुलगी कोकणात दिली, की तिची बोली, तिच्या हातची आमटी, सगळंच आधी हसण्यावारी नेलं जातं. कित्येकींचं तर तांदळात लिहून नावही बदललं गेलं. ‘नेमसेक’मधला असीमाचा मुलगा गोगोल अठराव्या वर्षी कायद्याने स्वतःचं नाव बदलून निखिल होतो. आवडीचं नाव निवडायचा तो हक्क आपल्यापैकी कितीजणींना मिळाला?

म्हणून संस्कृती सोडून द्यावी असं मी म्हणत नाही. असीमाही सोडत नाही. पण नवरा गेल्यावर ती ठरवते, की सहा महिने भारतात राहायचं, सहा महिने अमेरिकेत. काय ठेवायचं, कुठे राहायचं, हे ती स्वतः ठरवते, म्हणून तिच्या नावाला अर्थ येतो. असीमा, म्हणजे जिला सीमा नाही.

मैत्रिणींनो, लेक किंवा सून दूर असेल, मग ती न्यू जर्सीत असो की पुण्यात, तर पुढच्या फोनवर ‘संकष्टी केलीस का?’ हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, ‘गाडी शिकलीस का? तिथे तुझी मैत्रीण कोण?’ आणि जावयाला, मुलाला विचारा, ‘पुरण वाटायला बसतोस ना?’ ओझं दोघांनी उचललं, तरच ते पुढच्या पिढीपर्यंत पोचेल.