चाळीस अंशांचा पराक्रम

अमेरिकेतल्या कुठल्याही आडगावात बंदुकीच्या दुकानात शिरा. .३०-०६ मिळेल, .३०८ मिळेल, .२७० मिळेल. पहिलं काडतूस १९०६ सालचं, शेवटचं १९२५ सालचं, मधलं पन्नाशीच्या दशकातलं. उत्तर अमेरिकेत चार पायांवर चालणारं जे काही आहे, ते या तिघांनी अस्वलासकट कधीच मारून दाखवलं आहे. एखाद्या शहाण्या माणसाला वाटेल, विषय संपला. पण वाइल्डकॅट काडतुसं शहाण्या माणसांसाठी नसतात.

वाइल्डकॅट म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्या झोपेचा मला हेवा वाटतो. कारखान्यातली पितळी पुंगळी घ्यायची. तिची मान आवळायची किंवा फाकवायची. खांदा थोडा मागेपुढे ढकलायचा, जरा ताठ करायचा, अंग फुगवायचं. झालं नवं काडतूस! ते कुठल्या कारखान्याच्या यादीत नाही. अमेरिकेत १९२६ पासून काडतुसांची मापं आणि दाब ठरवून देणारी ‘सामी’ नावाची संस्था आहे, तिच्या दप्तरी नाही. दुकानात तर नाहीच. दुकानात मिळायला लागलं की त्याची सारी मौजच गेली.

मी स्वतः .३०८ वाला आहे. म्हणजे या मंडळींच्या लेखी शूद्र. त्यांच्यापैकी कुणाशी बोलायला लागलात की आधी गोत्रोच्चार होतो. ‘हे मूळ .४४४ मार्लिनचं, मान आवळून .३७५ केलं, खांदा अमुक अंशांचा.’ सोयरिकीला आलेला माणूसही इतकी कुळकथा सांगत नाही. गंमत अशी, की हा गृहस्थ स्वतःला कारखान्यांच्या गुलामगिरीतून सुटलेला मुक्त पुरुष समजतो. पुंगळी कुणाची? कारखान्याची. बार पेटवणारी टोपी कुणाची? कारखान्याची. दारू, गोळी, झालंच तर चेंबर कोरायचा रीमर, सगळं विकतचं. याचं स्वतःचं काय, तर खांद्याचा कोन.

त्या कोनाचे आद्य आचार्य म्हणजे पार्कर ऑटो अ‍ॅक्ली. हा माणूस मात्र अस्सल. बंदूककार, शिक्षक आणि खरा प्रयोगशील. कोणती बंदूक किती दाबाला फुटते, हे पाहण्यासाठी तो बंदुका मुद्दाम फोडायचा, आणि लोक ज्यांना भंगार समजत होते त्या जपानी आरिसाका रायफली सगळ्यांत चिवट निघाल्या, हेही त्याने खुशाल छापलं. पुंगळीचा निमुळतेपणा काढायचा आणि खांदा चाळीस अंशांचा करायचा, हे त्याचं सूत्र. जुन्या काडतुसाच्या नावापुढे ‘अ‍ॅक्ली इम्प्रूव्ह्ड’ लागलं की समजायचं, मुंज झाली.

मुंजीचा विधी प्रेक्षणीय असतो. जुनी पुंगळी नव्या चेंबरच्या मापाला फुगवायची, तर ती त्या चेंबरमध्ये झाडावी लागते. काहीजण त्यासाठी चांगली गोळी वाया घालवतात. काटकसरी मंडळी पुंगळीत चिमूटभर जलद पिस्तुली दारू घालतात, वर मक्याचं पीठ किंवा रवा भरतात, तोंड मेणाने बुजवतात आणि बार काढतात. विनोद म्हणून सांगत नाही, ही मान्यताप्राप्त पद्धत आहे. चाळीस-पन्नास पुंगळ्यांसाठी चाळीस-पन्नास बार. शिकार अजून सुरू व्हायची आहे, पण परसात रव्याचा पाऊस पडून गेलेला असतो.

एवढं करून पदरात काय पडतं? इथे हिशेब आहे, आणि हिशेब या लोकांना मुळीच आवडत नाही. दाब तोच ठेवला, तर पुंगळीतली जागा चार टक्के वाढवल्यावर गोळीचा वेग साधारण एक टक्का वाढतो. .३०-०६ मधून १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २७०० फुटांनी जाते. समजा जागा पाच टक्के वाढवलीत. मिळाले तीस-पस्तीस फूट. एकाच डबीतल्या दोन काडतुसांमध्येही एवढा फरक असतो. नळी इंचभर लांब घेतली तरी जवळपास तेवढेच मिळतात, तेही रव्याशिवाय.

‘पण मला तर शंभर फूट जास्त मिळाले!’ मिळणारच. तुम्ही दारू जास्त कोंबलीत, दाब वाढला, दाबाने वेग वाढला. श्रेय मात्र खांद्याला. कारखान्याकडे दाब मोजायचं यंत्र असतं. यांच्याकडे अंतर्ज्ञान असतं. टोपी चपटी झाली का? बोल्ट उचलताना अडकला का? नाही ना? मग अजून अर्धा ग्रेन घाला! साठ हजार पौंडांचा दाब डोळ्यांपासून वीतभर अंतरावर, आणि तो मोजायचा तर्जनीने. आपल्याकडे असल्या अंदाजपंचे उद्योगाला गावठी कट्टा म्हणतात आणि करणाऱ्याला पोलीस उचलतात. तिकडे त्याला मासिकात लेखमाला मिळते.

आणि पुंगळीच्या बुडावर काय कोरलेलं असतं? मूळ काडतुसाचं नाव. म्हणजे आत .२५ ची गोळी आणि बुडावर .३०-०६. वारसाने ती डबी उघडली की ओळखावं कसं? ‘मी चिठ्ठी ठेवली आहे.’ वा!

इथवर आलं की समोरचा हुकमाचा पत्ता टाकतो. ‘अहो, आजची निम्मी काडतुसं मुळात वाइल्डकॅटच होती! .२२-२५०? वाइल्डकॅट. .२५-०६? वाइल्डकॅट. .३५ व्हेलेन? वाइल्डकॅट.’ खरं आहे. रेमिंग्टनने ही तिन्ही पुढे आपल्या यादीत घेतली, अनुक्रमे १९६५ मध्ये, १९६९ मध्ये आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. पण यातल्या .२५-०६ ची गोष्ट जरा पूर्ण ऐकू या. ते १९२० च्या सुमाराला जन्मलं आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं कुणाचं विशेष भलं न करता पडून राहिलं. कारण एवढ्या मोठ्या पुंगळीतून एवढ्या बारीक भोकात ढकलायला लागणारी सावकाश जळणारी दारूच नव्हती. ती आली दुसऱ्या महायुद्धानंतर. लष्कराकडे ४८३१ नावाची तोफेच्या काडतुसांची दारू उरली होती. ब्रूस हॉजडनने ती विकत घेतली आणि हौशी शिकाऱ्यांना स्वस्तात विकली. काडतूस एकदम गुणी निघालं. गुण कुणाचा? दारूचा. सत्कार कुणाचा? मान आवळणाऱ्याचा.

शिवाय जगली ती तीन सांगता, मेली त्यांचं काय? शेकड्यांनी मेली. जुन्या रायफलींच्या नळीवर कुण्या कर्त्याचं नाव आणि कुठलाच अर्थ न लागणारा आकडा कोरलेला दिसतो, ती यांची थडगी.

नावाचा सोस तर विचारूच नका. .२५० सॅव्हेजची मान .२२ ला आवळायची कल्पना तिशीच्या दशकात अनेकांना एकाच वेळी सुचली होती. त्यांतल्या जे. ई. गेबी नावाच्या बंदूककाराने आपल्या बाळाचं नाव ‘व्हार्मिंटर’ ठेवलं आणि त्या नावावर कायदेशीर हक्क सांगितला. मग बाकीच्यांनी काय केलं? तेच काडतूस .२२-२५० म्हणून विकलं. आज दुकानात .२२-२५० मिळतं. व्हार्मिंटर मागून पाहा, दुकानदार तुमच्याकडे पाहील.

अ‍ॅक्लीला हा वेडेपणा दिसत होता, असं माझं मत आहे. एका संपादक मित्रासाठी त्याने भलंथोरलं .३७८ वेदरबी मॅग्नम घेतलं आणि त्याची मान थेट .२२ पर्यंत आवळली. सेकंदाला ५००० फूट ओलांडायचे होते. गाडी ४६०० च्या आसपास अडली. नाव ठेवलं ‘इअरजेसप्लिटन लाउडनबूमर’. कानठळीकर धडामबुवा म्हणा. गुरूने इतक्या उघडपणे डोळा मारला, तरी शिष्यांनी वही काढून माप उतरवून घेतलं.

आता पिस्तुलाकडे वळू. जरा सावरून बसा, कारण इथे तर्कशास्त्राची प्रेतयात्रा निघते.

पिस्तुलाने शिकार का करायची? मोठं उदात्त उत्तर मिळतं. रायफल फार सोपी झाली हो. जनावराला संधी मिळायला हवी. जवळ जायला हवं, श्वास आवरायला हवा, हात स्थिर हवा. उत्तम! टाळ्या! मी पहिल्या रांगेत उभा राहून वाजवतो. मग हा तपस्वी पिस्तूल विकत घेतो आणि दुसऱ्या दिवसापासून ते सोपं करायला लागतो.

१९६७ साली थॉम्सन-सेंटर कंपनीने ‘कंटेंडर’ आणलं. एका वेळी एकच काडतूस, नळी मात्र बदलता येणारी. वाइल्डकॅटवाल्यांना याहून मोठं आमंत्रण कुठलं? ओहायोत जे. डी. जोन्स यांनी एस. एस. के. इंडस्ट्रीज काढली आणि जेडीजे नावाच्या काडतुसांचा अख्खा वंश उभा केला. .४४४ मार्लिनपासून केलेलं .३७५ जेडीजे पिस्तुलातून झाडून लोकांनी आफ्रिकेत हत्ती पाडले. जोन्स यांचं कसब नाकारायचा माझा हेतू नाही. त्यांना धातू कळतो. मला कळत नाही ते त्यांचं गिऱ्हाईक. हा गृहस्थ आधी दहा इंची नळी घेतो. ती आखूड पडते, म्हणून चौदा इंची. मग दुर्बीण. मग धक्का सोसेना म्हणून नळीच्या तोंडाला ब्रेक. मग हात हलतो म्हणून दुपायी. मग जमिनीवर पालथं पडून, पिस्तूल पिशवीवर टेकवून, तीनशे यार्डांवरच्या हरणावर बार. हात कुठे आहे यात? खांदा सोडून रायफलीचं सगळं आलं. आणि खांद्याला टेकवणं तेवढं त्यांच्या तत्त्वात बसत नाही!

रेमिंग्टनने तर १९६३ मध्येच लपवाछपवी सोडली होती. त्यांचं एक्सपी-१०० म्हणजे रायफलीसारखं बोल्टचं यंत्र, आखूड नळी आणि नायलॉनची मूठ. पिस्तूल म्हणायचं, कारण मागून कापलंय.

पिस्तूल कुठे संपतं आणि रायफल कुठे सुरू होते, हा प्रश्न शेवटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. थट्टा नाही. कंटेंडरचं पिस्तूल, एकवीस इंची नळी आणि खांद्याचा दस्ता असा एकत्र संच कंपनी विकत होती. सरकार म्हणालं, आखूड नळीवर दस्ता बसवला तर ही करपात्र रायफल होते, काढा दोनशे डॉलर. १९९२ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्तींनीही डोकं खाजवलं असेल. रानातल्या त्या तपस्व्याला मात्र ही शंका कधी शिवली नाही.

आणि कळस पाहायचा असेल तर .९५० जेडीजे पाहा. वीस मिलिमीटर तोफेची पुंगळी, आखूड करून मान फाकवलेली. गोळी ३६०० ग्रेनची, म्हणजे सुमारे २३३ ग्रॅम. रायफल चाळीस-पन्नास किलोंची. अर्ध्या इंचाहून मोठ्या भोकाची बंदूक अमेरिकन कायद्यात ‘विध्वंसक साधन’ ठरते. हिला मात्र क्रीडेसाठीची म्हणून सूट मिळाली. क्रीडा! पाव किलोची गोळी झाडून माणूस पुन्हा उभा राहिला तर तो क्रीडापटूच, हे मान्य.

काडतुसं बदलायला कधी खरं कारण नसतंच, असं मी म्हणत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० च्या शिकारी रायफलींवर बंदी घातली, कारण त्यांचा दारूगोळा बंडखोरांच्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना उपयोगी पडेल अशी धास्ती होती. लंडनच्या कारखानदारांचं मोठं गिऱ्हाईक इकडचंच. त्यांनी धावपळ करून .४६५, .४७०, .४७६ अशी भोकं शोधली. कायदा आडवा आला, धंदा वाचवायचा होता, नवं काडतूस झालं. याला कारण म्हणतात.

त्याच काळात जिम कॉर्बेटला चंपावतची वाघीण मारल्याबद्दल .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. .२७५ रिग्बी म्हणजे काय? जर्मनांचं ७×५७ माउझर, इंग्रजी टोपी घातलेलं. लष्करी शिपायाचं, सौम्य, एकोणिसाव्या शतकातलं काडतूस. त्याच काडतुसाने डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत शेकडो हत्ती मारले. त्या कत्तलीचं कौतुक मी करणार नाही. पण एवढं खरं, की हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो, हे बेलने कवट्या उभ्या कापून शिकून घेतलं होतं. पुंगळीच्या खांद्याला त्याने हात लावला नाही. त्याला शरीररचना येत होती. आमच्या तपस्व्याला भूमिती येते.

या साऱ्याच्या मुळाशी काय आहे, ते सांगून टाकतो. जनावराजवळ जाणं कठीण. वाऱ्याची दिशा सांभाळून तास-दीड तास रांगणं कठीण. अंतर जास्त वाटलं तर बार न काढता परतणं सगळ्यांत कठीण. त्यामानाने रीमर मागवणं सोपं. नेम चुकला की अंगण वाकडं ठरतं, मग हिवाळाभर अंगण नव्याने सारवायचं. शिवाय चुकलेल्या नेमाला कुणी आपलं नाव देत नाही. काडतुसाला देता येतं.

विमान कंपनीने सामान हरवलं की या तत्त्वज्ञानाची परीक्षा होते. नामिबियाच्या एखाद्या गावात दुकानदार .३०-०६ काढून देईल, .३७५ एच. अँड एच. काढून देईल. तुमच्या स्वनामधन्य काडतुसाचं नाव ऐकून तो अदबीने हसेल. मग आठवडाभर बसा छायाचित्रं काढत. जनावरांच्या दृष्टीने वाइल्डकॅटचा आजवरचा सर्वांत मोठा उपयोग हाच.

भारतात १९७२ पासून शिकारीला बंदी आहे, त्यामुळे इथल्या वाचकाला हा मोह होण्याचं कारण नाही. पण टेक्सासात, पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेले आपले काही लोक रीतसर परवाना काढून हरणाच्या मोसमात रानात जातात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एखादा दाढीवाला अनुभवी गृहस्थ त्यांना बाजूला घेऊन खांद्याच्या कोनाबद्दल कुजबुजायला लागतो. त्यांच्यासाठी एकच विनंती. रीमर, डाय आणि नव्या नळीचे पैसे काढून ठेवले असतील, तर त्या पैशांत .३०८ च्या डब्या घ्या. मैदानावर जा. बाकावर टेकवून नव्हे, उभं राहून, शंभर यार्डांवर झाडा, संपेपर्यंत. मग तो भोकं पडलेला कागद त्या दाढीवाल्यासमोर धरा आणि म्हणा, आता तुमचा दाखवा.